घोडवाटेवरची सायकल

इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर सायकल घेऊन निघालेल्या माणसाची पहिली गाठ पडते ती फाटकाशी. जाड लाकडी फाटक, त्याला लोखंडी कडी, आणि त्या कडीचा दांडा फाटकाच्या वर चांगला हातभर आलेला. पायी चालणाऱ्याला एवढ्या उंच दांड्याचा काही उपयोग नाही. तो ठेवलाय घोडेस्वारासाठी, खोगिरावर बसल्या बसल्या ओढता यावा म्हणून. सायकलस्वाराच्याही तो नेमका हाताशी येतो. एक पाय जमिनीवर टेकवायचा, दांडा ओढायचा, पुढच्या चाकाने फाटक लोटून आत शिरायचं, आणि कडी परत बसल्याचा ‘खट्’ आवाज ऐकल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, कारण आत मेंढ्या चरत असतात. वाट घोड्याची, रान दुसऱ्याचं आणि जाण्याचा हक्क सगळ्यांचा, अशा व्यवस्थेत सायकल ही उशिरा आलेली पाहुणी. या पुस्तकातल्या सगळ्या वाटा याच पाहुणचारावर चालतात.

‘माउंटन बायकिंग’ या नावात डोंगर असला, तरी या भागात तो शोधावा लागतो. सरे परगण्यातली लीथ हिल २९४ मीटर, हॅम्पशायरमधली बट्सर हिल २७०, ब्रायटनच्या उत्तरेची डिचलिंग बीकन २४८. पुण्याचा लक्ष्मी रस्तासुद्धा समुद्रसपाटीपासून याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. त्यातून यांतल्या बहुतेक टेकड्यांना ‘डाउन्स’ म्हणतात, त्यामुळे नवख्याला वाटतं सगळा उतारच असणार. प्रत्यक्षात हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या टेकडीवाचक ‘डून’वरून आला आहे. डाउन म्हणजे चढ. साउथ डाउन्स वे ही विंचेस्टर ते ईस्टबोर्न अशी १६० किलोमीटरची वाट एका दमात करायला निघालेल्याला हे साठाव्या किलोमीटरपर्यंत नीट कळतं. एकही चढ दोनशे मीटरांच्या फारसा वर जात नाही, पण नदीच्या खोऱ्यात उतरायचं, परत माथ्यावर यायचं, परत उतरायचं, असं करत शेवटी बेरीज साडेतीन हजार मीटरांच्या वर जाते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. तिची दुप्पट, तीही तुकड्या-तुकड्यांनी.

हे डाउन्स खडूचे आहेत, म्हणजे अगदी शब्दशः. क्रिटेशस काळातल्या उबदार समुद्रात सूक्ष्म शैवालांचे सांगाडे तळाशी साचत गेले आणि त्यांचा हा पांढरा मऊ दगड झाला. (शाळेच्या फळ्यावरचा खडू आता बहुधा जिप्समचा असतो, ते सोडून देऊ.) पुढे जमीन उचलली गेली, तिरकी झाली, आणि कलत्या छपरासारखी रचना तयार झाली. साउथ डाउन्सची उत्तरेची बाजू भिंतीसारखी उभी, दक्षिणेची समुद्राकडे सावकाश उतरणारी. वाट चालते ती छपराच्या आढ्यावरून. डावीकडे खाली शेतांची चौकट, उजवीकडे दूर खाडीची चमक, असं दृश्य तासन्‌तास सोबतीला असतं.

खडू पाणी पिऊन टाकतो. त्यामुळे माथ्यावर ओढा नाही, झरा नाही. पाणी पायथ्याशी फुटतं आणि गावंही तिथेच एका रांगेत वसली आहेत. वर मेंढपाळांनी खणलेली तळी तेवढी दिसतात. म्हणूनच या वाटेवर ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याचे नळ बसवलेले आहेत आणि नकाशात त्यांच्या जागा देवळांइतक्या आदराने शोधाव्या लागतात. कोरडा असताना खडू टणक आणि वेगवान. पावसाळी दिवशी मात्र त्याच्यावर ओल्या साबणाची तुकतुकी येते आणि भलेभले आडवे होतात. त्या चिखलाची पांढरी लापशी फाट्यात आणि ब्रेकमध्ये अडकते, आणि संध्याकाळी न धुतल्यास सकाळी प्लास्टरसारखी कडक होते. गारगोटीची वेगळी कथा. खडूच्या थरात फ्लिंटचे गोळे असतात, फुटले की त्यांना पात्यासारखी धार येते. अश्मयुगीन माणसाने यांचीच हत्यारं केली आणि आजही ती टायरची बगल तितक्याच सफाईने कापतात.

भूगर्भ हा या विषयाचा एक पाय. दुसरा पाय कायद्याचा, आणि तो जास्त रंजक आहे.

बांधावरून जाणाऱ्या रस्त्यासाठी तहसीलदाराकडे दावा लावलेल्या मराठी शेतकऱ्याला ‘वहिवाट’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इंग्लंडच्या ग्रामीण भागाचा सगळा प्रवास या एका कल्पनेवर उभा आहे. तिथली बहुतेक जमीन खासगी मालकीची, पण तिच्यातून जाणाऱ्या हजारो वाटांवर लोकांचा हक्क. १९८० च्या हायवेज ॲक्टप्रमाणे लोक वीस वर्षं विनाअडथळा, उघडपणे, कुणाची परवानगी न मागता एखाद्या वाटेने जात असतील, तर ती सार्वजनिक वाट म्हणून अर्पण झाली असं धरलं जातं. १९४९ च्या राष्ट्रीय उद्यानांविषयीच्या कायद्याने प्रत्येक परगण्याला अशा वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. त्यात मुख्य प्रकार तीन: फुटपाथ म्हणजे पायवाट, ब्रायडलवे म्हणजे घोडवाट, आणि बायवे म्हणजे गाडीवाट. पायवाटेच्या खांबावर पिवळा बाण, घोडवाटेच्या निळा. गाडीवाटेचे दोन पोटभेद आहेत, मोटार चालणारी लाल बाणाची आणि मोटार न चालणारी जांभळ्या बाणाची.

सायकल यात कुठेच नव्हती. ती आली १९६८ साली, कंट्रीसाइड ॲक्टच्या तिसाव्या कलमातून. घोडवाटेवर सायकल नेता येईल, मात्र पादचारी आणि घोडेस्वार यांना वाट द्यावी लागेल, आणि सायकलीसाठी म्हणून वाट सुधारण्याचं बंधन कुणावरही नसेल. एवढंच. तेव्हा माउंटन बाइक हा शब्दही जन्मला नव्हता. पुढे जो खेळ उभा राहिला त्याचा पाया या अशा चिमूटभर तरतुदीत घातला गेला, हे गमतीचं आहे. तिच्यामुळेच आजही सायकलीला सार्वजनिक वाटांच्या जाळ्याचा जेमतेम पाचवा हिस्सा मिळतो. बाकीच्या पायवाटा. त्यांच्यावर सायकल चालवणं हा सहसा गुन्हा नसतो, पण जमीनमालकाच्या हद्दीतलं अतिक्रमण ठरतं.

यातून जे घोळ होतात ते वाचण्यासारखे आहेत. पन्नासच्या दशकात या नकाशांसाठीची पाहणी गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांकडून झाली. एका गावाने वाट घोडवाट म्हणून नोंदवली, शेजारच्याने तीच वाट पायवाट म्हणून. परिणामी रुंद, मातीचा, उघड उघड गाड्यांच्या वापरातला रस्ता शिवेवर आला की कागदावर अरुंद होतो. निळा बाण संपतो, पिवळा सुरू होतो, आणि सायकलस्वाराला परत फिरावं लागतं. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० नकाशावर लांब हिरव्या रेघा घोडवाटेच्या आणि आखूड पायवाटेच्या. त्या रेघांची लांबी ओळखणं हे या खेळातलं पहिलं कौशल्य, ब्रेक मारण्याच्याही आधीचं. स्कॉटलंडने २००३ साली जबाबदारीने वागण्याच्या अटीवर सायकलीलाही जवळपास सगळीकडे मुभा दिली. इंग्लंड अजून रेघा मोजत आहे.

आता सायकलीकडे. तिचा इतिहास कॅलिफोर्नियातून सुरू करण्याची पद्धत आहे: मरिन परगणा, टॅमालपाईस डोंगर, ऑक्टोबर १९७६ मधली ‘रीपॅक’ची पहिली उतार-शर्यत, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये काढलेली कंपनी. हे खरंच आहे. पण इंग्रजांनी सायकल चिखलात घालण्यासाठी अमेरिकेची वाट पाहिली नव्हती. सायकलिस्ट्स टूरिंग क्लब १८७८ चा, आजच्या ‘सायकलिंग यूके’चा पूर्वज, आणि त्या काळात डांबरी रस्ता अपवादच होता. १९१९ च्या मार्चमध्ये ‘वेफेअरर’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या डब्ल्यू. एम. रॉबिन्सन यांनी वेल्समधली बर्विनची डोंगररांग बर्फातून ओलांडली आणि त्यावर लिहिलेल्या लेखाने एका पिढीला रस्ते सोडायला शिकवलं. १९५५ साली लेमिन्स्टर गावात ‘रफ स्टफ फेलोशिप’ स्थापन झाली. टाय, गुडघ्यापर्यंतचे मोजे, पाईप, पाठीवर चहाची किटली आणि वेळ पडली तर खांद्यावर सायकल, असं हे मंडळ. शर्यतीशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. आज बाइकपॅकिंग म्हणून जे नव्याने विकलं जातं ते या लोकांनी लोकरी स्वेटर घालून सत्तर वर्षांपूर्वी केलं होतं.

चिल्टर्न टेकड्यांतल्या जेफ ॲप्स यांचं नाव त्या मानाने कमी घेतलं जातं, आणि ती चूक आहे. बीच वृक्षांची राई, खाली खडू, मध्ये चिकणमाती, असा हा प्रदेश. हिवाळ्यात चिखल सुटका देत नाही. मोटारसायकलच्या ट्रायल्स खेळलेल्या ॲप्सना आवाज न करता जाणारं वाहन हवं होतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बांधलेल्या ‘क्लेलँड’ सायकलीवर माणूस ताठ बसतो, ब्रेक चाकाच्या तुंब्यात लपलेले, आणि टायर फिनलंडहून आणलेले जाड, बर्फात वापरायचे. त्यातले काही टायर त्यांनी फिशर आणि केली यांनाही पाठवले. कंपनी १९८२ ते ८४ एवढीच टिकली. पण ६५०-बी हे चाकाचं जे माप त्यांनी चिखलासाठी निवडलं होतं, ते २०१३ च्या सुमारास जगभरच्या कारखान्यांनी नवीन शोध म्हणून बाजारात आणलं. कॅलिफोर्नियाची सायकल उतारासाठी घडली, चिल्टर्नची चिखलासाठी. दोन्ही सायकली आपापल्या मातीचा हिशेब होत्या.

ऐंशीच्या दशकात ‘मडी फॉक्स’ या ब्रँडने ही चीज इंग्लंडच्या दुकानांत नेली. १९८८ मध्ये ‘माउंटन बायकिंग यूके’ हे मासिक निघालं, आणि त्यातून जो बर्ट यांची ‘मिंट सॉस’ नावाची मेंढी सायकलवर बसून गोलाईदार हिरव्या टेकड्या हिंडू लागली. ज्या देशात सायकल मेंढ्यांच्या कुरणातून जाते, तिथे व्यंगचित्राचा नायक मेंढीच असायला हवी होती.

त्यानंतर प्रवाह फुटले. सर्वांत जुना घोडवाटेचा: नकाशा, दिवसभराची फेरी, मध्ये पब. दुसरा रानातल्या खोदलेल्या वाटांचा, आणि त्याची राजधानी सरे हिल्समधलं पीसलेक हे चिमुकलं गाव. इथली माती खडूची नसून ग्रीनसँडची, वालुकामय. पाणी लगेच मुरतं, म्हणून जानेवारीत इतरत्र चाकं रुतत असताना लंडनकर होमबरी आणि लीथ हिलकडे धावतात. त्याला दुसरंही कारण आहे. रेजिनाल्ड ब्रे या जमीनदाराने १९२६ साली इथलं हर्टवुडचं रान लोकांच्या हवाखाण्यासाठी खुलं करून दिलं. त्या मोकळिकीच्या परंपरेत स्वयंसेवकांनी फावडी घेऊन वळणदार वाटा घडवल्या. त्यांना ‘बॅरी नोज बेस्ट’सारखी चहाटळ नावं पडली आणि गावच्या दुकानातल्या चीज स्ट्रॉजसाठी रविवारी रांग लागू लागली. गावकऱ्यांना पार्किंगची कटकट मात्र कायमची झाली, हेही नोंदवायला हवं.

तिसरा प्रवाह ट्रेल सेंटरचा. वेल्समध्ये नव्वदच्या दशकात त्याची सुरुवात झाली आणि इंग्लंडमध्ये बेजबरी, स्विनली, कॅनक चेस इथे तो रुजला. मुरूम दाबून केलेली एकेरी वाट, रंगांनी ठरवलेली अवघडपणाची पातळी, चुकण्याची भीती नाही. कॅनक चेसवर २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली शर्यत झाली. त्याआधी २०१२ च्या ऑलिंपिकसाठी एसेक्समधल्या हॅडली फार्मच्या गवताळ उतारावर बाहेरून शिळा आणून डोंगराची उणीव भरून काढली होती. एवढे चढ-उतार रचता येत असतील तर जुन्या वाटांची गरज काय, असा प्रश्न तेव्हा पडला असेल तर नवल नाही. सेंटरवर सायकल उत्तम चालते, पण तिथून कुठे जायचं नसतं, सुरुवातीलाच परत यायचं असतं. या पुस्तकाने तो प्रवाह बाजूला ठेवला आहे, आणि ते बरोबरच केलं.

चौथा प्रवाह लांब पल्ल्याचा. साउथ डाउन्स वे १९७२ मध्ये खुली झाली. सुरुवातीला ती हॅम्पशायरच्या शिवेपर्यंतच होती, १९८७ मध्ये विंचेस्टरपर्यंत पोचली. सगळीच्या सगळी सायकलीला मोकळी असलेली ही विरळा राष्ट्रीय वाट. तरी पूर्व टोकाला तिचेही दोन फाटे होतात: सेव्हन सिस्टर्सच्या प्रसिद्ध पांढऱ्या कड्यांवरचा फाटा फक्त चालणाऱ्यांना, सायकल आणि घोडा आतल्या अंगाने, विल्मिंग्टनच्या टेकडीवर कोरलेल्या उंच मनुष्याकृतीच्या डोक्यावरून जातात. १९७३ मध्ये खुल्या झालेल्या रिजवे या वाटेचं असंच. एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून थेम्स नदीपर्यंतचा तिचा पश्चिम भाग गाडीवाटेचा. अफिंग्टनचा तीन हजार वर्षं जुना पांढरा घोडा आणि वेलँड्स स्मिदीचं अश्मयुगीन दफनस्थान तिच्या कडेला येतात. नदी ओलांडली की पायवाट बरीच, आणि सायकलस्वार खालच्या अंगाने स्वान्स वे नावाची घोडवाट धरतात. २०२० च्या उन्हाळ्यात सायकलिंग यूकेने या दोन्ही वाटांना जोडून ‘किंग आल्फ्रेड्स वे’ जाहीर केली. विंचेस्टरहून विंचेस्टरला, ३५० किलोमीटरचं कडं. मध्ये स्टोनहेंज, एव्हबरी, फार्नम. परदेशप्रवास जवळजवळ बंद असलेल्या त्या वर्षी लोकांना ती हवीच होती.

या वाटांवर मराठी वाचकाला थबकवणारी एक जागा आहे. ब्रायटनच्या उत्तरेला, पॅचमच्या वर, साउथ डाउन्स वेहून खाली उतरणाऱ्या घोडवाटेच्या कडेला पांढऱ्या संगमरवराची एक घुमटी उभी दिसते. तिचं नाव ‘छत्री’, इंग्रजी नकाशातही तेच. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांवर ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनसारख्या वास्तूंमध्ये उपचार झाले. त्यांतल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन या उतारावर झालं. त्या जागी मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे ही छत्री उभारली गेली आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचं अनावरण झालं. वानवडीची शिंद्यांची छत्री पाहिलेल्याला शब्द ओळखीचा, आजूबाजूला मात्र मेंढ्या आणि सपसप वारा. इथे सायकल आडवी ठेवून लोक थोडा वेळ गप्प बसतात.

हे पुस्तक आत्ताच का? साउथ डाउन्सला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा २०१० मध्ये मिळाला आणि लंडनपासून तासाभरावर एवढी मोठी मोकळी जागा असल्याचं नव्याने लोकांच्या लक्षात आलं. विजेच्या सायकलींनी चढाची भीती घालवली. मोटर २५० वॉटची आणि मदत ताशी २५ किलोमीटरला थांबणारी असेल, तर कायदा तिला साधी सायकलच मानतो, आणि साठी ओलांडलेले लोक डिचलिंगच्या माथ्यावर दिसू लागले. गर्दी वाढली तशा कुरबुरीही वाढल्या. दुसरीकडे नोंद न झालेल्या जुन्या वाटांचा प्रश्न लोंबकळत आहे. २००० सालच्या कायद्याने त्यांच्या नोंदणीसाठी १ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख घातली होती, पुढे ती २०३१ वर ढकलली गेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ही मुदतच काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं. या मुदतीच्या धास्तीने गावोगावचे हौशी लोक अभिलेखागारांत बसून एकोणिसाव्या शतकातले कराचे नकाशे चाळत होते, अजूनही चाळतात. त्यांना सापडलेली एखादी विसरलेली घोडवाट म्हणजे सायकलीला दोन शेतांमधून मिळालेला नवा रस्ता.

पुस्तकाने आपला आवाका मुद्दाम आखडता ठेवला आहे. लेक डिस्ट्रिक्ट नाही, पीक डिस्ट्रिक्ट नाही. फक्त दक्षिणेच्या लाटांसारख्या टेकड्या. वाटा निवडताना रेल्वे स्टेशन जवळ आहे की नाही हे आधी पाहिलं, कारण लंडन, रेडिंग किंवा साउदम्प्टनला राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांकडे सायकल असते, ती गाडीवर लादायची सोय नसते. प्रत्येक वाटेचा कायदेशीर दर्जा तुकड्यागणिक दिला आहे. कुठल्या महिन्यात जावं हेही रोखठोक सांगितलं आहे, आणि नोव्हेंबर ते मार्च चिल्टर्नच्या चिकणमातीत जाऊ नये हा सल्ला वाचक धुडकावणार हे गृहीत धरून साफसफाईचीही माहिती आहे. घोडा समोर आला की काय करावं याला पाऊण पान खर्ची पडलं, ते योग्यच. थांबावं, आणि मोठ्याने काहीतरी बोलावं, मराठीत चालेल. चाकांवरून येणारं ते चमकतं काहीतरी माणूस आहे हे घोड्याला आवाजावरून कळतं. वेग, वेळा, विक्रम यांना इथे जागा नाही. साउथ डाउन्सची दुहेरी फेरी चोवीस तासांच्या आत करणारे वीर आहेत, त्यांना असल्या पुस्तकाची गरज नसते.

नवख्यांनी साउथ डाउन्स वेवरच्या साउथईज स्टेशनवर उतरावं. छोटासा फलाट, शेजारी शेतावरचं वसतिगृह आणि तिथला चहा. तो पिऊन हमरस्त्यावरचा पूल ओलांडला की इटफर्ड हिलचा चढ लगेच अंगावर येतो. निम्मे लोक तिथे उतरून सायकल ढकलतात, खुशाल ढकलावी. वर पोचल्यावर उजव्या हाताला न्यूहेवनचं बंदर आणि समुद्र, पुढे फर्ल बीकनच्या २१७ मीटर माथ्याकडे जाणारी गवताची रुंद वाट, अधूनमधून फाटकं. आल्फ्रिस्टन गाव साउथईजपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे, परतीची गाडी बर्विक स्टेशनवरून मिळते.